डोंगररानातील वाटा

रस्ता आणि वाट यांत मोठा भेद आहे. रस्ता आखला जातो. त्यासाठी मोजमापे घेतात, खडी पसरतात, मोऱ्या बांधतात. वाट मात्र कोणी आखत नाही; ती पडते. एकाच्या पावलावर दुसऱ्याचे पाऊल पडते, दुसऱ्याच्या पावलावर तिसऱ्याचे. गवत दबते, माती घट्ट होते, आणि काही पावसाळे लोटले म्हणजे रानातून एक बारीक, फिकट रेघ उमटलेली दिसू लागते. 'वाट पडणे', 'वाट मळणे' आणि 'वाट मोडणे' हे मराठीतील शब्दप्रयोग मोठे अर्थपूर्ण आहेत. चालणाऱ्यांमुळे वाट जन्मास येते, चालणाऱ्यांमुळे ती मळते, आणि चालणारे थांबले की झाडोऱ्याखाली ती मोडून जाते.

डोंगरातील सर्व वाटा सारख्या नसतात. काही आखूड, काही लांब. काही लहान मुलाने हसत-खेळत चालाव्या अशा, तर काही धट्ट्याकट्ट्या माणसाचीही परीक्षा पाहणाऱ्या. आखूड वाट सोपी आणि लांब वाट अवघड, असे सामान्यतः वाटते. परंतु डोंगरात हा नियम लागू पडतोच असे नाही. वाट ओळखण्याची एक विद्या आहे. ही विद्या ज्याला येते तो रानात सुखाने जातो आणि सुखरूप परत येतो.

या विद्येचा आरंभ वाशीम जिल्ह्यातून करता येईल. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु येथील वस्ती फार प्राचीन आहे. वाशीम नगराचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पूर्वेकडील भाग या जिल्ह्यातून जातो. येथे आकाशाला भिडणारी शिखरे नाहीत. पण डोंगर ठेंगणे असले तरी त्यांचे कार्य मोठे आहे. त्यांच्या एका अंगाला उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. दुसऱ्या अंगाचे पाणी अडाण, अरुणावती यांसारख्या नद्यांतून पैनगंगेकडे जाते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे या डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब भारताच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांना जाऊन मिळतात! माथ्यावरून जाणाऱ्या वाटेने चालणारा माणूस या दोन जलप्रवाहांच्या सीमेवरूनच चालत असतो.

या डोंगरांचा खडकही वाटांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा पुनःपुन्हा वर आला. त्याचे थर एकावर एक साचले व थंड होऊन त्यांचा काळा कातळ बनला. काही थर टणक होते, काही ठिसूळ. ऊनपावसाने ठिसूळ थर लवकर झिजले, टणक थर तसेच उभे राहिले. त्यामुळे आपल्याकडील डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आहे. थोडी सपाटी, मग एकदम चढ. पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. डोंगरवाटेने जाणाऱ्याला हा आकार पायांनीच कळतो. काही वेळ वाट सुखाने जाते, आणि मग अकस्मात छाती भरून येईल असा चढ लागतो. ज्याला ही रचना ठाऊक असते तो सपाटीवर श्वास साठवतो आणि चढावर घाई करीत नाही.

वाटा प्रथम कोणी पाडल्या? बहुतेक ठिकाणी हा मान माणसाचा नसून जनावरांचा आहे. हरणे, नीलगाई, रानडुकरे पाण्यावर जातात ती ठरलेल्या वाटेने. अवजड जनावर सरळ चढावर जाण्याचे टाळते. ते डोंगराच्या अंगाने तिरपे जाते आणि थोड्या अंतरावर वळण घेते. मागाहून गुरे आणि गुराखी त्याच वाटेने गेले, त्यांच्या मागून लाकूडफाटा, मोहाची फुले, डिंक आणि तेंदूची पाने गोळा करणारे लोक गेले. अशा रीतीने जनावरांची वाट माणसांची झाली.

परंतु जनावराची वाट आणि माणसाची वाट यांतील फरक ओळखता आलाच पाहिजे. नाहीतर वाटसरू फसतो. जनावराची वाट झुडपांच्या जाळीखालून जाते; तिच्यावरून चालताना फांद्या माणसाच्या छातीला आणि तोंडाला लागतात. माणसाच्या वाटेवर मात्र माणसाच्या उंचीपर्यंतच्या फांद्या मोडलेल्या किंवा छाटलेल्या असतात. गुरांची वाट चरणीच्या जागी अनेक फाटे फोडते आणि गवतात विरून जाते. गावाला जाणारी वाट बारीक झाली तरी आपला रोख सोडत नाही. रानातील अनेक बारीक वाटा एकमेकींना मिळून ठळक होऊ लागल्या, तर पुढे पाणवठा असण्याचा संभव असतो. जुन्या वाटेवरचे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. काही ठिकाणी गुराख्यांनी वळणावर दगडावर दगड रचून खूण केलेली आढळते. ही खूण पाडू नये. ती कोणातरी पुढच्या वाटसरूसाठी ठेवलेला निरोप असतो.

या प्रदेशातील वाटांच्या इतिहासात बंजारा लोकांचे स्थान मोठे आहे. रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि इतर माल एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेण्याचे काम त्यांचे तांडे करीत. बैलांच्या पाठीवर गोणी लादून, नायकाच्या मागोमाग, डोंगर आणि अरण्ये ओलांडीत हे तांडे चालत. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. शेकडो बैल घेऊन जायचे तर वाट केवळ जवळची असून भागत नसे. ओझ्याच्या बैलाला झेपेल असा चढ हवा, मुक्कामाच्या जागी पाणी हवे आणि चारा हवा. म्हणून तांड्याची वाट पुष्कळदा वळसा घेऊन जाई. परंतु ती बैलांना दमवीत नसे आणि माल सुरक्षित पोचवी. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला. पुढे रेल्वे व पक्के रस्ते वाढत गेले, तसतशी लदेणी थांबली आणि तांडे ठिकठिकाणी स्थिर झाले. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. संत सेवालाल महाराजांच्या स्मरणाने पावन झालेल्या या स्थानी रामनवमीच्या सुमारास दूरदूरचे भाविक येतात. ज्यांच्या पूर्वजांनी अर्ध्या भारतात वाटा तुडवल्या, त्यांचे वंशज येथे एकत्र जमतात.

आता वाटेची अवघडता कशी मोजावी ते पाहू. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये यासाठी एक साधा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा मांडतात : निरोगी माणूस सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर चालतो; वाटेत चढ असेल तर चढाच्या दर ६०० मीटर उंचीसाठी आणखी १ तास धरावा. समजा, एका ठिकाणी जाण्यास दोन वाटा आहेत. पहिली ८ किलोमीटर लांब, पण जवळजवळ सपाट. दुसरी ४ किलोमीटरच, पण तीत ६०० मीटरांचा चढ. पहिल्या वाटेस १ तास ३६ मिनिटे लागतील. दुसरीस चालण्याची ४८ मिनिटे आणि चढाचा १ तास, असा १ तास ४८ मिनिटांचा वेळ लागेल. निम्म्या लांबीची वाट अधिक वेळ घेते, आणि दम तर त्याहून किती अधिक घेते! हा हिशेब विश्रांती न धरता केलेला आहे. मुले बरोबर असतील, ऊन असेल किंवा पाठीवर ओझे असेल, तर वेळ त्याहून पुष्कळ अधिक धरावा.

डोंगरवाटा नागमोडी का असतात याचे उत्तरही गणितच देते. १०० मीटर उंचीची एक टेकडी आहे असे समजू. दर ४ मीटर चालण्यात १ मीटर उंची गाठणारी वाट ४०० मीटरांत माथ्यावर पोचेल. परंतु ती छाती फोडणारी असेल. दर १० मीटर चालण्यात १ मीटर उंची गाठायची म्हटले, तर वाट १,००० मीटर लांब होईल. पण ती लहान मुलालाही चढता येईल. एवढी लांबी टेकडीच्या अंगावर मावावी म्हणून वाट वळणे घेते. आगगाडीला तर तीव्र चढ मुळीच चालत नाही. वाशीम आणि अकोल्यावरून जाणारा पूर्णा–खंडवा हा मीटरगेज लोहमार्ग पुढे सातपुडा ओलांडीत असे. तेथे धूळघाटाजवळ उंची गाठण्यासाठी रुळांनी असा मोठा वेढा घेतला होता की, लोहमार्ग स्वतःलाच ओलांडून वरून पुढे जाई. गेज बदलण्याच्या कामासाठी २०१७ मध्ये अकोला–खंडवा भागातील मीटरगेज गाड्या बंद झाल्या. परंतु बैलांच्या तांड्याने जे केले तेच इंजिनालाही करावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वऱ्हाडातील वाटांचे त्यांच्या अवघडपणाप्रमाणे तीन वर्ग कल्पिता येतात.

पहिला वर्ग माळरानाचा. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. ते २००० साली घोषित झाले. येथे गवताळ, उघडी आणि सौम्य चढउतारांची भूमी आहे. अशा प्रदेशात वाट दूरवर दिसते आणि पायांना श्रम थोडे पडतात. येथील अडचण निराळी असते. माळावर सावली विरळ, म्हणून उन्हाचा त्रास अधिक. शिवाय जे आपणांस दूरवर दिसतात त्या काळविटांनाही आपण दूरवरून दिसतो. म्हणून मोठ्याने बोलणारा मनुष्य येथे कितीही चालला तरी त्याला पळणाऱ्या कळपाच्या धुळीपलीकडे काही दिसत नाही.

दुसरा वर्ग ठेंगण्या डोंगरांवरील पानझडी रानाचा. अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य हे याचे उत्तम उदाहरण होय. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ७४ चौरस किलोमीटर आहे. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस आणि मोह ही येथील पानझडी रानातील झाडे. चौशिंगा आणि भेकर हे लाजरे प्राणी या रानात राहतात. काटेपूर्णेवरील महान येथील धरणाचे पाणी अकोला शहरास पुरवले जाते. म्हणजे या डोंगरांवरचे रान टिकले तरच शहराच्या नळांना पाणी टिकेल, असा या दोहोंचा संबंध आहे. अशा रानातील वाटा फार उंच चढत नाहीत. परंतु ऋतूप्रमाणे त्यांचे रूप बदलते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंची झुडपे वाटेवर झुकतात, खडकावर शेवाळ धरते, आणि सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला नाला दुपारच्या सरीनंतर ओलांडता येत नाही. फाल्गुनात पळस फुलतो, सागाची पाने गळतात आणि दहा पावलांवरची वाटही पानांच्या थराखाली लपते. म्हणून श्रावणात पाहिलेली वाट चैत्रात ओळखूच येईल, असे कोणी गृहीत धरू नये.

तिसरा वर्ग उंच पहाडातील अरण्याचा. वाशीमहून उत्तरेकडे निघून अकोल्याचे पूर्णाकाठचे सपाट मैदान ओलांडले की, क्षितिजावर सातपुड्याची निळी भिंत उभी राहते. तिच्या या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात, आणि त्यांच्या कुशीतील अरण्याला मेळघाट. जेथे घाटांचा मेळ होतो तो मेळघाट, अशी या नावाची फोड करतात. खापरा, खंडू, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या येथील पाणी तापीला नेतात. चिखलदऱ्याजवळील वैराट हे शिखर सुमारे १,१७८ मीटर उंच आहे. १९७३-७४ मध्ये देशातील ज्या पहिल्या नऊ अरण्यांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यांत मेळघाट होते. येथील दऱ्या खोल आहेत आणि एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीस जाताना पुनःपुन्हा उतरावे आणि चढावे लागते. या अरण्याचे जुने रहिवासी कोरकू लोक होत. कोणती वाट कोणत्या पाण्यावर जाते, कोणत्या महिन्यात ते पाणी आटते, कोणत्या झाडाखाली पहाटे थांबू नये, हे ज्ञान त्यांना परंपरेने मिळालेले असते. वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील अरण्यांत दीर्घ काळ सेवा केली आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून असे पुष्कळ ज्ञान मिळवून ते मराठी वाचकांना दिले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'रानवाटा' असे आहे.

याच डोंगरात गाविलगड हा किल्ला आहे. वाट ओळखणे किती महत्त्वाचे असते, याची साक्ष त्याचा इतिहास देतो. १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे असलेल्या या किल्ल्यावर इंग्रजांचे सैन्य चालून आले. आर्थर वेलस्ली हा त्यांचा सेनापती होता. किल्ल्याच्या दक्षिणेकडून वर जाणारी वाट मैदानातून जवळ होती. परंतु ती लांबच लांब खड्या चढाची आणि केवळ पायी जाणाऱ्याच्या उपयोगाची होती. तिने तोफा नेणे अशक्य होते. उत्तरेच्या बाजूने किल्ला डोंगराच्या सपाटीशी जोडलेला होता. पण त्या बाजूस पोचण्यासाठी अचलपुराहून डोंगरांतून सुमारे ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरांचा वळसा घ्यावा लागे. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने हा वळसा घेतला. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत सैनिकांनी दऱ्या आणि डोंगर ओलांडीत, बहुतेक अंतर हातांनी ओढीत तोफा नेल्या. तोफांपुढे रस्ताही त्यांनाच तयार करावा लागला. १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला. ज्या बाजूने शत्रू येणे कठीण असे वाटत होते, त्या बाजूने तो लांबच्या वाटेने आला. किल्ल्याचे कडे अभेद्य होते. परंतु वाटेचा विचार ज्याने अधिक केला त्याच्या पारड्यात यश पडले. भिंतींइतकेच वाटांवरही लक्ष ठेवावे, हा त्या दिवसांचा कठोर धडा होय.

रानात जाणाऱ्याने काही नियम पाळले पाहिजेत. अभयारण्यात व व्याघ्रप्रकल्पात वनखात्याची परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या वाटेनेच आणि वाटाड्याला बरोबर घेऊन जावे. कोठे जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. पाणी पुरेसे घ्यावे. पुढे झरा आहे असे ऐकून घागर रिकामी ठेवणारा चैत्र-वैशाखात पस्तावतो. उजेडाचा निम्मा वेळ संपण्यापूर्वी परत फिरावे, मग मुक्काम कितीही जवळ दिसो. कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात. तेथे धूर, गोंगाट आणि दगडफेक यांतले काहीही करू नये. मोह फुलण्याच्या दिवसांत पहाटे मोहाखाली अस्वल येते. त्या वेळी ती वाट टाळावी. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला मध्ये ठेवावे आणि त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. जो पुढे धावतो तो स्वतःही चुकतो आणि मागच्यांनाही चुकवतो.

वाट चुकलीच तर काय करावे? प्रथम थांबावे. घाबरलेला मनुष्य वेगाने चालू लागतो आणि प्रत्येक पावलागणिक अधिक चुकतो. ज्या ठिकाणापर्यंत वाट निश्चित होती, त्या ठिकाणी शांतपणे परत जावे. नाला खाली जातो म्हणून तो धरून उतरत सुटू नये. पायऱ्यापायऱ्यांच्या आपल्या डोंगरांत नाला अनेकदा उंच कड्यावर जाऊन थांबतो आणि तेथून पाणी उडी घेते, माणसाला घेता येत नाही. मागचीही वाट सापडत नसेल, तर मोकळ्या जागी एकत्र बसावे, हाका माराव्या आणि शोधणाऱ्यांना सापडावे. हिंमत नेहमी पुढे जाण्यातच असते असे नाही; कधी ती थांबण्यात असते, कधी परत फिरण्यात.

वाट जशी माणसाला सांभाळते, तसे माणसानेही वाटेला सांभाळले पाहिजे. नागमोडी वळणे टाळण्यासाठी काही लोक एका वळणावरून खालच्या वळणावर सरळ उतरतात. त्यात चार मिनिटे वाचतात; परंतु पायांनी उखडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते, त्या जागी घळ पडते, घळीतून पाणी जोराने धावते आणि दोन-चार पावसाळ्यांत खालची वाटही तुटते. शंभर वर्षांच्या पावलांनी जे घडवले ते काही घाईच्या पावलांनी नाहीसे होते. त्याहून मोठा शत्रू अग्नी. उन्हाळ्याच्या तोंडी रानात पाचोळ्याचा थर असतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखाली लावलेला जाळ, न विझवलेली चूल किंवा फेकलेली जळती काडी डोंगरच्या डोंगर पेटवू शकते. आग पसरू नये म्हणून वनखाते उन्हाळ्यापूर्वी पट्ट्यापट्ट्याने गवत व पाचोळा काढून जाळरेषा तयार करते. स्वच्छ राखलेली रुंद वाटही अशा वेळी आगीला अडवण्यास उपयोगी पडते. प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाद्याची वेष्टने रानात टाकू नयेत. हरणांना पिशवी आणि पाला यांतील भेद कळत नाही.

वाटेला भिंत नसते, दार नसते, तिच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते. तरीही ती एक ठेव आहे. पाण्याच्या शोधात निघालेले जनावर, गुरांमागे चालणारा गुराखी, गोणी लादलेला बैल आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई, या सर्वांनी मिळून ती पुढच्यांसाठी ठेवली आहे. वाट किती लांब हे विचारण्यापूर्वी ती कशी आहे हे विचारावे. ती कशी आहे हे विचारण्यापूर्वी आपले बळ किती हे पाहावे. आणि तिच्यावरून गेल्यावर ती पुढच्यासाठी तशीच राहील याची काळजी घ्यावी. एवढे ज्याला साधले, त्याला डोंगररानातील वाटा परक्या वाटणार नाहीत.

शब्दार्थ

झाडोरा – झाडाझुडपांची दाट वाढ
रोख – दिशा
पाणवठा – पाणी पिण्याची किंवा भरण्याची जागा
तांडा – एकत्र प्रवास करणारा किंवा एकत्र राहणारा बंजाऱ्यांचा समूह
लदेणी – बैलांच्या पाठीवर माल लादून केलेला व्यापार
पानझडी रान – ज्यातील झाडे ठरावीक ऋतूत पाने गाळतात असे रान
अभेद्य – फोडता न येणारा
घळ – पाण्याच्या ओघाने जमिनीत पडलेली चर
जाळरेषा – आग पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा

स्वाध्याय

१. रस्ता आणि वाट यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. वाशीमच्या डोंगरमाथ्यावरील पाणी दोन समुद्रांना कसे मिळते ते नद्यांची नावे देऊन लिहा.
३. जनावराची वाट आणि माणसाची वाट कोणत्या खुणांवरून ओळखता येते?
४. एक वाट १० किलोमीटर लांब असून तीत ३०० मीटरांचा चढ आहे. नेस्मिथच्या नियमाप्रमाणे तिला किती वेळ लागेल?
५. 'कधी ती थांबण्यात असते, कधी परत फिरण्यात.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वाट मळणे, वाट मोडणे, वाट चुकणे, वळसा घेणे.
७. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वाटेची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. ती वाट कोण वापरीत असे, आणि आज ती मळलेली आहे की मोडलेली, हेही लिहा.